आम्ही धुतलेला दगड

आमच्या मंडळाच्या वार्षिक अहवालात एक वाक्य यायला हवं होतं. ते आलं नाही. वाक्य मी लिहिलं होतं, सभेत मांडलं होतं, आणि चार हातांविरुद्ध एका हाताने ते पडलं. तो एक हात माझा. अहवालात जागा मिळाली नाही म्हणून ते इथे लिहिते आहे, आणि ते वाक्य कशामुळे लिहावं लागलं तेही.

मंडळ म्हणजे बोरिवलीतलं स्थानिक इतिहासाचं मंडळ. एकोणीसशे साठचं दशक संपता संपता मी त्यात शिरले. तेव्हा मी बावीस वर्षांची होते, फोर्टात एका कचेरीत टायपिस्ट. कॉलेजात असताना विद्यार्थ्यांच्या एका संघटनेत होते आणि तिथे एकच गोष्ट नीट शिकले होते: पत्रक लिहायला. पहिल्या ओळीत आरोप, मग पुरावा, शेवटी मागणी. मध्ये कुठे ‘कदाचित’ येता कामा नये. मग संघटना फुटली. मैत्रिणींची लग्नं झाली, मित्र नोकऱ्यांना लागले, आणि रस्त्यात भेटले की ‘काय मग, अजून क्रांती चालू का?’ म्हणून हसायला लागले. आई भावाकडे नाशिकला. मी एका बिऱ्हाडाच्या मागच्या खोलीत भाड्याने. शनिवारपर्यंत ठीक चालायचं, पण रविवार खायला उठायचा. अशा एका रविवारी वाचनालयाच्या फळ्यावर मंडळाची सूचना वाचली: ‘शिळावाचन. इच्छुकांनी यावे.’ इच्छुक म्हणून मी एकटीच गेले.

मंडळाचं वर्ष ठरलेलं होतं. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी शिळावाचन. थंडीत मार्व्याहून होडीने मनोरी, तिथली जुनी घरं बघायची, वाळूत बसून डबे खायचे आणि ऊन चढायच्या आत परत यायचं. परीक्षांच्या आधी शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन: नाणी, मोडी कागद, तांब्याची दोन भांडी, आणि प्रत्येकापुढे ‘हात लावू नये’. पावसाळ्यात चौथीच्या वर्गात व्याख्यानं. चौथीच्याच बाकांवर गुडघे दुमडून आम्ही पाच-सहा जण बसायचो. मग वार्षिक सभा, तेच अध्यक्ष, तेच चिटणीस, चहा.

पण खरा दिवस शिळावाचनाचाच. कारण मंडळाने स्वतः शोधून काढलेली गोष्ट ती एकच.

गावठाणाच्या खाडीकडच्या टोकाला, भाताच्या खाचराच्या बांधावर, कमरेएवढी एक शिळा उभी होती. वर सूर्य-चंद्र. मध्ये झिजलेला लेख, त्यातल्या सातच ओळी लागायच्या. शिलाहारांच्या काळातलं दान: ही जमीन अमक्याला दिली, सूर्य-चंद्र असेतो त्याच्याकडे राहावी, जो कोणी ती हिरावेल त्याला शाप. आणि खाली ते चित्र. त्याच्याकडे येतेच.

अडचण अशी होती की गावाला यातलं काही ठाऊक नव्हतं. पाड्यातल्या कोळणी शिळेला शेंदूर फासायच्या. आणि जिचं ते खाचर होतं, ती म्हातारी वर्षभर तिला खोबरेल चोपडायची. म्हातारी गावठाणातली ख्रिस्ती, मराठीच बोलणारी, पेरणीच्या आधी शिळेपुढे झेंडू ठेवणारी आणि मेणबत्तीही लावणारी. आम्ही तिला मावशी म्हणायचो. लेखाची अक्षरं तेल-शेंदराच्या थरात बुजून जायची. म्हणून शिळावाचन म्हणजे आधी शिळाधुणं. धुण्याचा सोडा, काथ्याचा ब्रश, शेंदरासाठी रॉकेल. दोन तास घासायचं, मग अध्यक्षांनी लेख मोठ्याने वाचायचा. पुढच्या दिवाळीला शिळा पुन्हा भगवी आणि चिकट. अहवालात दर वर्षी तेच वाक्य: ‘ग्रामस्थांनी शिळेस पुन्हा तेल-शेंदूर फासल्याचे आढळले, ही खेदाची बाब होय.’

माझ्या पहिल्या वर्षी मावशी बांधावर पाय सोडून बसली होती. आमचं घासणं बघत म्हणाली, “झाली काय रे बाबांनो वर्साची आंघोल? चांगली घासा. कानामागं पन घासा.”

आमचे चिटणीस बँकेत होते, चाळिशीचे, मंडळात हसणारे तेवढे एकच. ते म्हणाले, “मावशी, तुम्ही तेल लावता म्हणून आम्हाला घासावं लागतं ना!”

“आनि तुमी घासता म्हनून मला परत लावाया लागतं. मग खर्च कोनाचा जास्ती?”

अध्यक्षांना असलं बोलणं चालायचं नाही. ते निवृत्त मुख्याध्यापक. छत्री ऊन असो नसो हातात. लेख वाचायला उभे राहिले की ती छत्री उघडून शिळेच्या पायाशी टेकवायचे. मला वाटलं, शिळेला सावली करताहेत. वाचन संपलं तेव्हा मी विचारलं, “खाली काय कोरलंय?”

प्रदर्शनात नाणी मांडणारे आमचे नाण्यांवाले काका खाडीकडे बघायला लागले.

“ते एक सांकेतिक चित्र आहे,” अध्यक्ष म्हणाले. “झिजलंय.”

मी छत्री उचलली. झिजलेलं काही नव्हतं. सगळ्या शिळेत तेवढंच ठसठशीत होतं. एक बाई आणि एक गाढव. जो ही जमीन घेईल, त्याच्या आईची अशी गत होवो, हा त्याचा अर्थ. अशा शिळेला गधेगाळ म्हणतात, हे मी नंतर वाचनालयात बसून शोधलं. मंडळातल्या प्रत्येकाला ते आधीपासून ठाऊक होतं. पण दर वर्षी शिळा धुवायची, वरचं वाचायचं आणि खालच्यावर छत्री ठेवायची. अहवालात ‘खालील भाग झिजलेला’. शास्त्रशुद्ध इतिहास म्हणे!

माझं डोकं फिरलं. दोन गोष्टींनी फिरलं, आणि त्या मी एकात मिसळल्या ही माझी चूक. पहिली, हे लोक खोटं लिहितात. दुसरी, ज्या दगडावर बाईची विटंबना कोरली आहे, त्याच दगडाला बायकाच फुलं वाहतात आणि त्यांना कोणी सांगत नाही. वर्षभर मी सभेत भांडले. अध्यक्ष म्हणायचे, “ताई, अश्लीलता टाळून इतिहास सांगता येतो.” मी म्हणायचे, “मग अश्लीलता कोरली कोणी? मी?” शेवटी कचेरीतल्या टाइपरायटरवर, साहेब जेवायला गेले असताना, मी सायक्लोस्टाइलचं स्टेन्सिल कापलं. मथळा: ‘हा देव नाही!’ खाली मुद्दे. हा राजाचा हुकूम आहे. खालच्या चित्राचा अर्थ असा आहे. याला तेल-शेंदूर लावणं म्हणजे बायकांनीच बायकांच्या अपमानाची पूजा करणं. शाप-बिप काही नसतो. मागणी: तेल-शेंदूर बंद करा, इतिहास वाचा.

छापून गावठाणात आणि कोळणींच्या पाड्यात दारोदार वाटलं. मी एकटीच. चिटणीस स्टेशनवर भेटले तेव्हा म्हणाले, “अगं, तुझ्या पत्रकानं अध्यक्षांची वाट लागली ना! दोन दिवस जेवले नाहीत.” पण हसत होते. त्या हसण्यावर मी आठवडाभर जगले. खरं सांगते, मला कोणी असं रागावून-हसून बोलल्याला फार दिवस झाले होते.

मावशीच्या हातातही एक दिलं. तिला वाचता येत नव्हतं. ती ओट्यावर सुकट निवडत होती. म्हणाली, “काय गो बाय, काय लिवलंस? नात शालेतून आली की वाचून घेन.”

मी तोंडी सांगितलं. चित्रासकट सांगितलं. तिचा हात थांबला नाही, नुसता हळू झाला.

“तसलं हाय काय ते? मी समजलेली बैल हाय. नांगराचा.”

“गाढव आहे, मावशी.”

“इतकी वर्सं मी हात फिरवते त्याच्यावरनं.” मग सूप हलवत, “मी देव नाय म्हनत त्याला. देव आमचा देवलात हाय. हा राखनदार. माझी सासू लावायची तेल, म्हनून मी. फादरला सांगू नको.” आणि माझ्याकडे बघून, “मग आता नको काय लावू?”

तेव्हा मला उत्तर देता आलं असतं. ‘लावा, मावशी, काय बिघडतं’ एवढं म्हणायला काय लागत होतं? पण मी पत्रकात शिकलेली. मी म्हणाले, “तुमची मर्जी. पण तो देव नाही, राखणदार नाही. नुसता दस्तऐवज आहे.”

“काय हाय?”

“कागद. दगडाचा कागद.”

“असं,” ती म्हणाली, आणि सूप झटकलं.

त्या दिवाळीनंतर आम्ही गेलो तर शिळा स्वच्छ. पावसाने धुतलेली, करडी, कोरडी. ना शेंदूर, ना तेल, ना झेंडूचं वाळलेलं फूल. घासायला काही नव्हतं. सोड्याची पिशवी तशीच राहिली. नाण्यांवाले काका टाळ्या वाजवायला लागले. अध्यक्षांनी सगळ्यांसमोर मला म्हटलं, “ताई, पद्धत चुकली तुमची, पण परिणाम झाला. प्रबोधन झालं.” त्या वर्षी पहिल्यांदा नीट ठसा निघाला. ओला कागद शिळेवर बसवून ब्रशने ठोकला, तो अक्षरांत उतरला, मग वरून कापडाच्या बोळ्याने शाई. सातच्या ऐवजी दहा ओळी लागल्या. खालच्या चित्राचाही ठसा घेतला. छत्री मिटलेलीच होती.

मावशी बांधावर नव्हती. मला ते खटकलं नाही. खटकायला हवं होतं.

अहवालात ‘खेदाची बाब’ नव्हती. ‘समाधानाची बाब’ होती. स्टेन्सिल मीच कापलं.

मधल्या वर्षात मनोरीला गेलो, प्रदर्शनात ठसा काचेखाली लावला (खालचा अर्धा भाग दुमडून, त्यावर पुन्हा भांडण झालं, ते सोडा), व्याख्यानं झाली. गावठाणात आमच्यापैकी कोणी फिरकलं नाही. कशाला फिरकेल? शिळावाचन दिवाळीनंतर असतं. आमचं वर्ष ठरलेलं होतं.

पुढच्या दिवाळीनंतर गेलो तेव्हा खाचर नव्हतं. मुरूम टाकून सपाट केलं होतं, कोपऱ्यात विटांची रास, आणि चुन्याने आखलेल्या रेघा. बांध कुठे होता ते आम्हाला ओळखू येईना. आम्ही पाच माणसं हातात पाण्याची बादली आणि कागदाची गुंडाळी घेऊन मैदानात उभी. अध्यक्ष छत्रीने जमीन ठोकत फिरले, जणू ती कुठेतरी आतून उत्तर देईल.

मुकादम भला माणूस होता. म्हणाला, “वो लिखा हुआ पत्थर? वो तो भराव में गया, साब. तोडके.”

“तोडके?” चिटणीस ओरडले. “अरे, किसको पूछके तोडा?”

“पूछा ना. बुढिया को पूछा. देव-बिव है क्या? बोली, नहीं. कोई पूजा नहीं, कुछ नहीं. तो तोड दिया.” मग त्याने हात करून दाखवलं, “वो देखो, वो नहीं तोडा.”

विहिरीच्या बाजूला एक धोंडा होता. साधा, अनघड, ना अक्षर ना चित्र, बहुतेक विहीर खोदताना निघालेला. कोळणींनी आपला शेंदूर आता त्याला लावला होता. ठसठशीत, ताजा, वर चांदीच्या कागदाचे डोळे. कंत्राटदाराने त्याच्याभोवती सिमेंटचा चौथरा करून दिला होता आणि आखलेली भिंत तेवढ्यापुरती वाकवली होती. चुन्याची रेघ सरळ यायची, धोंड्यापाशी वळसा घ्यायची आणि पुन्हा सरळ जायची.

त्या वळशाकडे मी किती वेळ बघत होते ते माहीत नाही. स्टेशनवर सगळे आपापल्या दिशेने गेले.

वार्षिक सभेला अध्यक्षांनी मसुदा वाचला: ‘ग्रामस्थांच्या अनास्थेमुळे शिळा आता उपलब्ध नाही.’ मी उभी राहिले. माझं वाक्य असं होतं: ‘तेल-शेंदरामुळे ही शिळा शेकडो वर्षे राहिली. आपण तो बंद करवला, आणि वर्षभरात ती गेली. ती आपण घालवली.’

“आपण?” नाण्यांवाले काका म्हणाले. “पत्रक कोणी काढलं?”

“मी काढलं. माझं नाव घाला मग. पण ‘अनास्था’ काढा. अनास्था आपली होती. वर्षातून एकदा जायचो आपण. ती रोज जायची.”

अध्यक्षांनी मत घेतलं. चिटणिसांनी माझ्याकडे न बघता हात वर केला, अध्यक्षांच्या बाजूने. सभेनंतर जिन्यात गाठून म्हणाले, “हे बघ, मंडळ राहिलं पाहिजे ना. असलं लिहिलं तर शाळा हॉलसुद्धा देणार नाही.”

“राहून काय करायचंय?” मी म्हणाले.

ते जिना उतरून गेले. पुढच्या वर्षापासून शिळावाचन बंद झालं आणि मी बाकीच्यालाही जायचं बंद केलं. स्टेन्सिल परत करायला गेले तेव्हा चिटणिसांनी न विचारता ठशाची गुंडाळी माझ्या हातात दिली. “ठेव तुझ्याकडे. इथे वाळवी लागेल.” माफी मागायची त्यांची ती पद्धत असावी.

मावशीचा पत्ता मिळायला वेळ लागला. जमीन मुलांनी विकली होती, दोघे दोन दिशांना गेले होते, आणि ती लेकीकडे वाकोल्याला होती. चर्चच्या मागच्या बोळात एक खोली आणि पुढे पडवी. मी गुंडाळी घेऊन गेले. सगळं बोलायचं ठरवून गेले होते. पत्रकासारखं: आरोप, पुरावा. फरक इतकाच की आरोप माझ्यावर.

तिने ओळखलं. “ये गो, कागदवाली.” जमिनीवर फडकं पसरलं, “बस. उन्हातनं आलीस.” मी माफी मागितली. तिने हात हलवला, माशी उडवल्यासारखा.

“तू काय फोडलास? त्यांनी फोडला. मला इचारलं, कोनाचा देव? मी म्हनलं, कोनाचा नाय, कागद हाय. तूच शिकवलंस ना. मग कागद फाडतात लोक.” हे ती रागाने म्हणाली नाही. रागाने म्हणाली असती तर बरं वाटलं असतं.

मी ठसा उलगडला. पडवीभर पसरला. चारी टोकांवर तिने वाट्या ठेवल्या. काळ्या शाईत पांढरा सूर्य, पांढरा चंद्र, आणि खाली ते. ती वाकून बघत राहिली. हात पुढे केला, कागदाच्या वर बोटभर अंतरावरून फिरवला, टेकवला मात्र नाही. मग विचारलं, “वाच बगू. काय लिवलंय नीट ते कंदी कोनी मला सांगितलंच नाय. तो मास्तर वाचायचा, पन ते संस्कृत.”

इतकी वर्षं ती बांधावर बसून ऐकत होती, आणि तिला एकानेही अर्थ सांगितला नव्हता. मीसुद्धा नाही. मी तिला फक्त ते काय नाही एवढंच सांगितलं होतं.

मी ओळीओळीने सांगितलं. अमक्याने अमक्याला ही जमीन दिली. खाडीपासून आंब्यापर्यंत. सूर्य-चंद्र असेपर्यंत. जो हिरावेल, जो मोडेल, जो मोडू देईल, त्याला—

“त्याला ते?” तिने खाली बोट केलं.

“हो.”

ती मागे सरकून भिंतीला टेकली. मग म्हणाली, “मग जमीन तर आमीच इकली. पोरांनी सही केली, मी आंगठा केला. आमाला लागंल काय गो?”

हे मी पत्रकात लिहिलं होतं. शाप-बिप काही नसतो. ते खरंच आहे, मी आजही तेच म्हणते. मी म्हणाले, “नाही लागत, मावशी. शाप नसतो.”

“तुला काय ठाऊक?” ती म्हणाली. “तू तर राखनदार पन नाय म्हनालेलीस.”

माझ्याकडे पुरावा नव्हता. मागणीही नव्हती. मी म्हणाले, “लागायचाच असेल तर आम्हाला लागू दे. ‘जो मोडू देईल’ असं लिहिलंय. ते आम्ही.”

तिने माझ्याकडे नीट बघितलं. “तू एकलीच राहातेस काय गो अजून?”

“हो.”

“हां,” ती म्हणाली, जणू तिला काहीतरी कळलं. मग उठली, आत गेली, खोबरेलाची बाटली घेऊन आली, झाकण काढलं आणि थांबली. “कागदाला लावलं तर?”

“अक्षरं जातील.”

“मग नको.” तिने झाकण लावलं. वाट्या उचलल्या, कागद माझ्यासोबत गुंडाळला आणि तिच्या हाताने माझ्या काखेत दिला. “ने. तुझ्याकडंच ठेव. तुला वाचता येतं.”

दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी मी अजून तिथे जाते. इमारत झाली आहे, वर कपडे वाळत असतात. भिंतीच्या वळशातल्या धोंड्याला शेंदूर ताजा असतो. मी काही वाचत नाही, कोणाला काही सांगत नाही. थोडा वेळ उभी राहते. घरी येऊन ठसा पसरते, वाळवी लागली नाही ना ते बघते आणि पुन्हा गुंडाळून ठेवते. मंडळाच्या वर्षातला तेवढा एक दिवस आता मी एकटी पाळते.

ती शिळा आम्ही घालवली. अहवालात नाही, म्हणून इथे.